पेशीतले सगळे भाग मिळून काम कसं करतात? इन्सुलिनच्या एका रेणूमागं चालत जाऊन बघूया

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलंय. एसएसएलसीपर्यंत मराठी माध्यम, आता पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स, सगळं इंग्रजीत. तिचा प्रश्न थोडक्यात असा: "मॅडम, प्रत्येक ऑर्गनेलचं (पेशीतल्या भागाचं) काम पाठ झालंय. पण वर्गात सर म्हणतात सगळे मिळून काम करतात, आणि एनसीईआरटीच्या पुस्तकात लिहिलंय की मायटोकॉन्ड्रिया, क्लोरोप्लास्ट आणि परॉक्सिझोमचं काम बाकीच्यांशी जुळलेलं नाही म्हणून ते एन्डोमेम्ब्रेन सिस्टिममध्ये (पेशीतल्या जोडलेल्या पटलांच्या व्यवस्थेत) येत नाहीत. मग तुम्ही सगळं एकत्र चालतंय म्हणतासा ते कसं? आणि रायबोसोम ह्यात धरायचा की नाही?"

मी पॅथॉलॉजिस्ट. २६ वर्षं झाली बेळगावात मायक्रोस्कोपपुढं बसून. म्हणून पहिल्यांदा सरळ सांगून टाकते, मिळूनच काम करतात, सगळेच्या सगळे. पुस्तकातलं ते वाक्य परीक्षेपुरतं बरोबर आहे, एमसीक्यू आला तर तसंच टिक करायचं, पण त्या वाक्यावरून मायटोकॉन्ड्रिया कोपऱ्यात एकटा बसून एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) बनवतो आणि त्याचं कुणाशी बोलणं नाही असं जर डोक्यात बसलं ना, तर पुढं मेडिकलला गेलीस काय, बीएस्सीला गेलीस काय, प्रत्येक वर्षी अडखळशील. कारण आजार जेव्हा होतो तेव्हा तो एका ऑर्गनेलच्या चौकटीत राहत नाही.

गडबड कुठं होते सांगते. आपण टेबल पाठ करतो. डाव्या बाजूला नाव, उजव्या बाजूला काम. न्यूक्लियस कंट्रोल, मायटोकॉन्ड्रिया पॉवरहाऊस, गॉल्जी पॅकिंग, लायसोझोम आत्मघाती पिशवी. चार मार्क मिळतात पण कळत काहीच नाही. माझे बाबा उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डिंगला होते, शाळेत असताना मी डबा द्यायला जायची तेव्हा ते मला फिरवायचे. वाळूचा साचा इथं होतो, कोअर तिथं बसतो, भट्टीतला रस इथं ओततात, गार झालं की फेटलिंगला, तिथं वरची कडा-बिडा घासून काढतात, मग टेम्पोत घालून चलनासकट (माल कुठं जायचा ते लिहिलेली चिठ्ठी) दुसऱ्या शेडमध्ये मशीनिंगला. मी एकदा विचारलं होतं ह्यातलं सगळ्यात महत्त्वाचं मशीन कुठलं? तर म्हणाले, "एकटं मशीन काय करतंय गं, माल पुढं सरकला पायजे." पेशी समजून घ्यायची तर मशीनची यादी नको, माल धर आणि त्याच्या मागं मागं चाल.

आपण इन्सुलिन धरूया. आपल्याकडं घरटी एक तरी शुगरचा पेशंट आहेच, नाव सगळ्यांना माहीत.

स्वादुपिंडात, म्हणजे पॅनक्रियाजमध्ये, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी असतात. इन्सुलिनचा जीन ११ नंबरच्या क्रोमोझोमवर. हा जीन तुझ्या माझ्या त्वचेच्या पेशीत पण आहे पण तिथं बंद, बीटा पेशीत उघडा. न्यूक्लियसमध्ये त्याची एमआरएनए कॉपी निघते, ती न्यूक्लियर पोअरमधून बाहेर सायटोप्लाझममध्ये (पेशीद्रव्यात) येते. इथं एक गोष्ट लक्षात ठेव, न्यूक्लियसचं बाहेरचं पटल आणि ईआरचं, म्हणजे एन्डोप्लाझमिक रेटिक्युलमचं, पटल हे एकच सलग कापड आहे, पुस्तकातल्या चित्रात शेजारी शेजारी दोन वस्तू काढल्यासारखं दिसतं पण तसं नाही, एक दुसऱ्यात शिवलेलं आहे. (तुमच्या मराठी पुस्तकात ईआरला आंतर्द्रव्यजालिका म्हटलं असेल, लायसोझोमला लयकारिका, मायटोकॉन्ड्रियाला तंतुकणिका. मला ते शब्द आवडतात, पण तुला पेपर इंग्रजीत लिहायचाय म्हणून मी तेच शब्द वापरते.)

बाहेर आलेली एमआरएनए रायबोसोमवर चढते आणि प्रोटीनची, म्हणजे अमिनो आम्लांची, साखळी विणायला सुरुवात होते. आता गंमत बघ. रायबोसोमला माहीतच नसतं की आपण काय विणतोय. पहिले २४ अमिनो आम्लं बाहेर आली की तो तुकडाच चलनाचं काम करतो: "हा माल ईआरमध्ये न्या". एक वाहक कण त्या तुकड्याला पकडतो, विणकाम जरा थांबवतो, अख्ख्या रायबोसोमला नेऊन ईआरच्या दाराला लावतो, मग साखळी सरळ आत विणली जाते. आत गेली की चलन फाडून टाकतात, ते २४ कापले जातात. पत्ता मालावरच लिहिलेला असतो हे ज्यानं दाखवून दिलं त्या गुंटर ब्लोबेलला १९९९ मध्ये नोबेल मिळालं. पेशीत सहकार्य कशावर चालतं असं कुणी मला एका शब्दात विचारलं तर मी पत्ता असंच म्हणीन. तिथं कुणी मुकादम उभा नाही.

११० अमिनो आम्लांची साखळी होती, २४ गेली, राहिली ८६. तिला प्रोइन्सुलिन म्हणतात. ईआरच्या आत ती घडी घालून नीट बसवली जाते, तीन ठिकाणी गंधकाचे टाके पडतात. घडी चुकली तर? मशीन शॉपमधनं रिजेक्ट झालेलं कास्टिंग कसं फोडून परत भट्टीत जातं, तसंच. चुकलेली साखळी ईआरमधून मागं बाहेर ओढली जाते आणि सायटोप्लाझममध्ये प्रोटिआझोम नावाची यंत्रणा तिचे तुकडे करते, अमिनो आम्लं परत वापरात. रिजेक्शन फारच वाढलं तर ईआर गप्प बसत नाही, तो रायबोसोमचं विणकाम जरा कमी करायला लावतो आणि न्यूक्लियसला निरोप पाठवतो की घडी घालणारे मदतनीस वाढवा. म्हणजे न्यूक्लियस सायेब आणि बाकी सगळे नोकर असं जे आपण शिकतो ते पण अर्धंच खरं. खालून वर निरोप जातोच.

नीट झालेला माल ईआरच्या पटलाच्या फुगवट्यात भरला जातो, फुगवटा तुटून छोटी पिशवी होते, व्हेसिकल, ती गॉल्जीला जाऊन चिकटते, पटलाला पटल मिसळून माल आत. गॉल्जीत वर्गवारी होते. कुठलं बाहेर जायचं, कुठलं लायसोझोमला, कुठलं पेशीच्या पटलावर बसायचं. आपलं प्रोइन्सुलिन साठवणीच्या पिशवीत पडतं, ग्रॅन्यूल. अशा ग्रॅन्यूल एका बीटा पेशीत सुमारे १०,००० असतात. ग्रॅन्यूलच्या पटलावर पंप असतो, तो एटीपी खर्च करून आत आम्ल भरतो, आम्ल झालं की कापणारी एन्झाइम जोरात चालतात आणि प्रोइन्सुलिनचा मधला तुकडा कापून निघतो. राहिलं ५१ अमिनो आम्लांचं इन्सुलिन, ते झिंकबरोबर स्फटिक होऊन बसतं. आणि तो मधला तुकडा, ३१ अमिनो आम्लांचा, त्याला म्हणतात सी-पेप्टाइड (जोडावरची चार कापताना निघून जातात, म्हणून बेरीज ८६ होत नाही). हे प्रोइन्सुलिन डोनाल्ड स्टायनर यांनी १९६७ मध्ये दाखवलं.

आता तो सी-पेप्टाइड टाकून दिला जात नाही, त्याच ग्रॅन्यूलमध्ये पडून राहतो, आणि ग्रॅन्यूल फुटली की इन्सुलिनच्या एका रेणूमागं सी-पेप्टाइडचा एक रेणू असा बरोबरीनं रक्तात येतो. माझ्या कामात ह्याचा उपयोग रोजचा आहे. समजा एखादा पेशंट इन्सुलिनची इंजेक्शनं घेतोय आणि डॉक्टरांना बघायचंय की ह्याचं स्वतःचं किती बनतंय. रक्तातलं इन्सुलिन मोजून उपयोग नाही, बाटलीतलं आणि अंगातलं मिसळून गेलंय, शिवाय इन्सुलिन रक्तात चार-सहा मिनिटांत अर्धं होतं. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतो. म्हणून आम्ही सी-पेप्टाइड मोजतो, तो अर्ध्या तासाच्या हिशोबानं टिकतो. ट्यूबमध्ये रक्त घेतलं, सिरम वेगळं केलं, मशीनला लावलं, आकडा आला. तो आकडा मी जेव्हा सही करून देते तेव्हा खरं तर मी सांगत असते की ह्या माणसाच्या ईआरनं, गॉल्जीनं आणि ग्रॅन्यूलनी मिळून काय काम केलंय. तुझं टेबल आहे ना पाठ केलेलं, ते अख्खं टेबल त्या एका आकड्यात आहे.

इथपर्यंत एन्डोमेम्ब्रेन सिस्टिम झाली. न्यूक्लियर पटल सोडून दे, ईआर, गॉल्जी, व्हेसिकल, लायसोझोम, व्हॅक्युओल. ह्यांना एका सिस्टिममध्ये का धरतात तर ह्यांचं पटल एकमेकांत मिसळतं, व्हेसिकलच्या रूपानं ये-जा असते. मायटोकॉन्ड्रियाकडं अशा व्हेसिकलची रांग जात नाही. पुस्तकाला म्हणायचं होतं ते एवढंच. पण "काम जुळलेलं नाही" असं लिहिलं गेलं आणि पोरं अडकतात.

कारण ग्रॅन्यूल भरून तयार आहेत, दाराशी उभ्या आहेत, दार कोण उघडतं? मायटोकॉन्ड्रिया.

तू जेवलीस, रक्तात ग्लुकोज वाढलं, ते बीटा पेशीत शिरलं, सायटोप्लाझममध्ये त्याचे तुकडे होऊन मायटोकॉन्ड्रियात गेले, एटीपी वाढला. पेशीच्या पटलावर पोटॅशियमचे काही चॅनेल असतात, एटीपी वाढला की ते बंद होतात. पोटॅशियम आत अडकलं की पटलावरचा विद्युतभार बदलतो, तसा कॅल्शियमचा चॅनेल उघडतो, कॅल्शियम आत येतं आणि कॅल्शियम आलं की ग्रॅन्यूल पटलाला मिसळून इन्सुलिन बाहेर. म्हणजे जेवण किती झालंय हे मोजण्याचं काम मायटोकॉन्ड्रिया करतो आणि त्याप्रमाणं गॉल्जीनं भरलेला माल सुटतो. ह्याला जुळलेलं काम म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

तुझ्या आजी-आजोबांच्या गोळ्यांच्या डब्यात बघ, ग्लिमेपिराइड नावाची गोळी बऱ्याच जणांची असते. ती गोळी काय करते माहिताय? तोच पोटॅशियमचा चॅनेल थेट बंद करते. मायटोकॉन्ड्रियाच्या निरोपाची वाट न बघता दार उघडायला लावते. म्हणूनच गोळी घेऊन जेवायला उशीर केला की शुगर एकदम खाली जाते, घाम फुटतो, हातपाय कापतात. ग्लुकोज आलेलंच नाही आणि दार उघडं. आजीला सांग गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही, आणि आता तू कारणासकट सांगू शकशील.

आणखी पुरावा पाहिजे असेल तर हा घे. मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा डीएनए असतो, त्यात जीन फक्त ३७, प्रोटीन बनवणारे त्यातले १३. त्या डीएनएत ३२४३ नंबरच्या जागी एक अक्षर बदललं की एक प्रकारचा मधुमेह होतो, सोबत बऱ्याचदा ऐकू कमी येतं. आईकडूनच मुलांना जातो कारण मायटोकॉन्ड्रिया आईच्या बीजांडातूनच येतात. इन्सुलिनचा जीन ठीक, ईआर ठीक, गॉल्जी ठीक, तरी मधुमेह. चौकशी करताना आईकडच्या बाजूला कुणाला शुगर, कुणाला कमी ऐकू येतं का, हे विचारायचं असतं ते ह्यासाठी.

आणि उलट बाजूनं बघ. मायटोकॉन्ड्रियात हजारभर तरी वेगवेगळी प्रोटीनं लागतात, घरची फक्त १३. बाकीची सगळी न्यूक्लियसच्या जीनवरून सायटोप्लाझममध्ये बनतात आणि त्यांच्यावर पण पत्ता लिहिलेला असतो, तो वाचून मायटोकॉन्ड्रियाची दारं त्यांना आत ओढतात. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये मांडलं की मायटोकॉन्ड्रिया म्हणजे फार पूर्वी दुसऱ्या पेशीत राहायला आलेले जिवाणू. ते आता मान्य आहे. पण राहायला आलेल्यानं आपली शिदोरी जवळजवळ सगळी यजमानाच्या कोठारात ठेवलीय, आता वेगळं निघायचं म्हटलं तरी जमणार नाही.

व्हेसिकल जात नाही तर मग मायटोकॉन्ड्रियाच्या पटलाला चरबी, म्हणजे लिपिड, मिळते कुठनं? पटल तर त्यालाही वाढवायला लागतं. हे तुझ्या पुस्तकात नाही पण तुला आवडेल. ईआर आणि मायटोकॉन्ड्रिया काही काही जागी अगदी अंगाला अंग लावून असतात, मध्ये अंतर फक्त १० ते ३० नॅनोमीटर, मिसळत नाहीत पण चिकटून. जीन व्हान्स यांनी १९९० मध्ये दाखवलं की तिथं लिपिड बनतं आणि इकडून तिकडं जातं. फॉस्फॅटिडिलसेरीन ईआरच्या बाजूला बनतं, मायटोकॉन्ड्रियात जातं, तिथं त्यातला कार्बन डायऑक्साइड काढला की दुसरं लिपिड होतं, ते परत ईआरमध्ये येतं आणि त्याचं तिसरं होतं. एकाच लिपिडचं काम निम्मं ह्या घरात निम्मं त्या घरात, बेळगावच्या शहापुरात पूर्वी साड्यांचं असायचं तसं, ताणा एका घरी, विणकाम दुसऱ्या घरी. कॅल्शियम पण ह्याच जागेतून ईआरकडनं मायटोकॉन्ड्रियाला दिलं जातं आणि त्यावरून त्याला कळतं की काम वाढवायचंय. २०११ मध्ये तर असं दिसलं की मायटोकॉन्ड्रियाचे दोन भाग व्हायचे असतात तिथं ईआरची नळी आधी येऊन त्याला वेढा घालते. कुठं तुटायचं ती जागा ईआर ठरवतो. मी शिकत होते तेव्हा ह्यातलं काही शिकवत नव्हते, आम्हाला पण टेबलच होतं.

आता तू विचारशील हे सगळं कळलं कसं, एवढ्या बारीक पेशीत कोण बघायला गेलं. दोन प्रयोग सांगते.

जॉर्ज पलाडे, मूळचे रोमानियाचे, न्यूयॉर्कला रॉकफेलर विद्यापीठात काम. त्यांनी आणि जेमीसन यांनी १९६७ च्या सुमारास गिनीपिगच्या पॅनक्रियाजचे पातळ काप घेतले आणि फक्त तीन मिनिटं त्यांना किरणोत्सारी ल्युसीन (एक अमिनो आम्ल) दिलं. त्या तीन मिनिटांत जे प्रोटीन विणलं गेलं तेवढ्यावरच खूण पडली. मग साधं ल्युसीन देऊन थोड्या थोड्या वेळानं काप काढून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलं. सुरुवातीला खूण रफ ईआरवर (ज्याच्यावर रायबोसोम बसलेत तो ईआर), थोड्या वेळानं गॉल्जीकडं, आणि साधारण दोन तासांनी साठवणीच्या ग्रॅन्यूलमध्ये. मालावर खडूनं खूण करून शेडमागून शेड बघत जायचं, तसंच. १९७४ चं नोबेल पलाडे, अल्बर्ट क्लॉड आणि क्रिस्तियन द दुव यांना मिळालं.

दुसरा प्रयोग यीस्टवर, रँडी शेकमन यांचा. त्यांनी असे यीस्ट शोधले की तापमान वाढवलं की त्यांची वाहतूक बंद पडते. काहींचा माल ईआरमध्ये तुंबला, काहींचा गॉल्जीत, काहींच्यात व्हेसिकल तयार झाल्या पण पटलापाशी नुसत्या साचून राहिल्या. अशा २३ जीनची यादी झाली. पावसाळ्यात चोर्ला घाटात रस्ता बंद झाला की ट्रक कुठं थांबलेत त्यावरून दरड कुठं पडलीय ते कळतं ना, तीच युक्ती. २०१३ चं नोबेल त्यांना, जेम्स रॉथमन आणि थॉमस सुडॉफ यांना.

पण तुला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप कुठनं मिळणार, म्हणून साध्या मायक्रोस्कोपवर दिसणारी गोष्ट सांगते, आणि ही मला अजून पण दरवेळी थांबून बघावीशी वाटते. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला विचारलं, गॉल्जी साध्या मायक्रोस्कोपवर दिसतो का? मी म्हटलं नाही सर, त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. त्यांनी काही न बोलता एक स्लाइड लावली. बोन मॅरोची (हाडातल्या मगजाची), लीशमन स्टेन म्हणजे रंग दिलेली. त्यात प्लाझ्मा सेल. ही पेशी अँटिबॉडी बनवते, सेकंदाला हजारांच्या हिशोबात बाहेर सोडते. तिचं केंद्रक मधोमध नसतं, एका बाजूला सरकलेलं, आत काळपट ठिपके बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे. भोवतीचा सायटोप्लाझम गडद निळा. आणि केंद्रकाला लागूनच चंद्रकोरीएवढा एक फिका, जवळजवळ पांढरा डाग.

तो निळा रंग म्हणजे रफ ईआर. त्याच्यावर रायबोसोम खच्चून बसलेत, रायबोसोममध्ये आरएनए, आरएनए निळा रंग पकडतो. आणि तो फिका डाग म्हणजे गॉल्जी. तिथं रायबोसोम नाहीत म्हणून रंग धरलेला नाही. केंद्रकाजवळच, निळ्या माळरानाच्या मध्ये, कारण चारी बाजूंनी ईआरकडनं माल तिथंच यायचाय. नकाशाच आहे तो. विणायची जागा निळी, वर्गवारीची जागा फिकी, आणि केंद्रकाला जागा करून देण्यासाठी एका बाजूला सरकावं लागलंय. कामाचा भार जसा, तशी पेशीची मांडणी. माल बाहेर गेला नाही, ईआरमध्ये अँटिबॉडी तुंबली, की ह्याच पेशीत गोल गोल चकचकीत गोळे दिसतात, रसेल बॉडी म्हणतात त्यांना, कधी कधी पेशी द्राक्षाच्या घडासारखी दिसते. शेकमन यांनी यीस्टमध्ये मुद्दाम केलं ते इथं आपोआप झालेलं दिसतं.

लायसोझोमबद्दल थोडं. आत्मघाती पिशवी हा शब्द मला मनापासून आवडत नाही, त्यानं पोरांना वाटतं लायसोझोम फुटून पेशीला मारायलाच बसलाय. त्याचं रोजचं काम साफसफाई आणि परत वापर. त्याचा शोध पण बघण्यासारखा आहे. द दुव इन्सुलिन लिव्हरवर कसं काम करतं ते शोधत होते. लिव्हर वाटून त्यात आम्लात काम करणारं एक एन्झाइम मोजलं तर अपेक्षेच्या दहाव्या हिश्श्याएवढंच आलं. नमुना फ्रीजमध्ये ठेवला, पाच दिवसांनी परत मोजलं तर भरपूर. दुसरा कोण असता तर नमुना खराब झाला म्हणून ओतून टाकला असता. त्यांनी विचार केला की एन्झाइम आधीपासून होतंच, पण कुठल्यातरी पिशवीत बंद होतं, पाच दिवसांत पिशवी फुटली. १९५५ मध्ये तिला लायसोझोम नाव मिळालं. आतला पीएच साडेचार-पाच, बाहेर सायटोप्लाझममध्ये साधारण ७.२, त्यामुळं चुकून थोडं एन्झाइम गळलं तरी बाहेर ते नीट चालत नाही.

आता ही एन्झाइम लायसोझोममध्ये जातात कशी? परत पत्ता. गॉल्जीत त्यांच्यावर मॅनोज-६-फॉस्फेटचा शिक्का बसतो, पुढं गॉल्जीच्या दुसऱ्या टोकाला तो शिक्का ओळखणारे रिसेप्टर त्यांना लायसोझोमच्या गाडीत घालतात. आय-सेल नावाच्या दुर्मिळ आजारात बाळाच्या पेशीत तो शिक्का मारणारं एन्झाइमच नसतं. लायसोझोमची एन्झाइम सगळी बनतात, चांगली बनतात, पण शिक्का नाही म्हणून चुकून पेशीबाहेर जातात. रक्तात मोजली तर ती खूप वाढलेली, आणि पेशीत लायसोझोम न पचलेल्या कचऱ्यानं गच्च भरलेले. दोष गॉल्जीत, आजार दिसतो लायसोझोमचा, पुरावा सापडतो रक्तात. टेबल पाठ करणाऱ्याला ही केस कधीच सुटणार नाही.

(जुने झालेले मायटोकॉन्ड्रिया पण पटलात गुंडाळून लायसोझोमकडंच जातात. ऑटोफॅजी. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल ह्याच्या यंत्रणेसाठी, ते पण यीस्ट उपाशी ठेवून.)

आता राहिले तुझे ते तीन "न जुळलेले", मायटोकॉन्ड्रिया, क्लोरोप्लास्ट, परॉक्सिझोम. ह्यांचं एकत्र काम बघायला तुला माझ्या लॅबमध्ये यायची गरज नाही, खानापूरच्या बाजूला भाताचं शेत आहे तिथं उभी राहा. भाताच्या पानात क्लोरोप्लास्टमधलं रुबिस्को एन्झाइम कार्बन डायऑक्साइड धरायच्या ऐवजी कधी कधी ऑक्सिजन धरतं, ऊन तापलं की जास्तच. मग दोन कार्बनचा एक नको असलेला पदार्थ होतो. तो वाया घालवायचा नाही म्हणून काय होतं बघ: क्लोरोप्लास्टमधून ग्लायकोलेट बाहेर पडतं, परॉक्सिझोममध्ये जातं, तिथं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं ते कॅटालेज तिथल्या तिथं मोडतं, आणि ग्लायसीन बनतं. ग्लायसीन मायटोकॉन्ड्रियात, तिथं दोन ग्लायसीनचं एक सेरीन होतं, एक कार्बन डायऑक्साइड उडतो. सेरीन परत परॉक्सिझोममध्ये, ग्लिसरेट होऊन परत क्लोरोप्लास्टमध्ये. चारातले तीन कार्बन वाचले. तीन घरं फिरून आलेला माल, व्हेसिकल एकही नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फोटोत हे तिघं पानाच्या पेशीत एकमेकांना रेटून बसलेले दिसतात. आणि शेजारीच ऊस असेल तर त्याच्या पानात हे जवळजवळ होत नाही, ऊस सी-फोर, त्यानं रुबिस्कोच्या भोवती कार्बन डायऑक्साइड आधीच दाट करून ठेवलाय. फोटोरेस्पिरेशन हा धडा तुझ्याच पुस्तकात पुढं आहे. पेशीच्या धड्यात म्हणतात जुळलेलं नाही आणि फोटोरेस्पिरेशनमध्ये तेच तिघं मिळून काम करतात, दोन्ही धडे शेजारी ठेवून वाच.

अभ्यासाचं म्हणशील तर टेबल फाडू नको, लागणार आहे. पण वहीचं एक अख्खं पान आडवं घेऊन एक पेशी काढ आणि तीन रंगांच्या पेननं तीन वाटा काढ, एक इन्सुलिनची, एक लायसोझोमच्या एन्झाइमची, एक त्या ग्लायकोलेटची (ती भाताच्या पेशीत, वेगळी काढ). प्रत्येक बाणावर लिही की इथं पत्ता कुठला आणि एटीपी कुठं खर्च झाला. बाण काढताना जिथं हात थांबेल तेवढंच परत वाच.

तुझा शेवटचा प्रश्न, रायबोसोम. त्याला पटल नाही, म्हणून पटल असलेल्या ऑर्गनेलच्या यादीत तो येत नाही, पेपरात तसंच लिही. पण बरीच पोरं असं समजतात की रफ ईआरवरचे रायबोसोम वेगळे आणि सायटोप्लाझममध्ये सुटे फिरणारे वेगळे. तसं नाही. एकच आहेत. आता ह्या क्षणी जो ईआरला चिकटून इन्सुलिन विणतोय, तो विणून झालं की सुटतो, त्याचे दोन भाग वेगळे होतात, आणि थोड्या वेळानं तेच भाग दुसरी एमआरएनए धरून मायटोकॉन्ड्रियाला लागणारं प्रोटीन सुट्यानंच विणत असतील. कुठं बसायचं हे रायबोसोम ठरवत नाही, त्याच्यातून बाहेर येणाऱ्या साखळीची पहिली वीस-पंचवीस अक्षरं ठरवतात.